मयुरीस, शिबिराला निघण्याआधी

ता. राळेगाव, जि. यवतमाळ
१४ नोव्हेंबर

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की इकडून कटला, यावर तुझी आई आणि मी अजून वाद घालतो आहोत. ती म्हणते, पुन्हा लावा. मी म्हटलं, लिहितो. फोनवर आपण दोघंही दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. कागदावर निदान माझं पुरं होईल, मग तू दोन ओळी लिही की दोन पानं.

इकडे दुसरी वेचणी चालू आहे. नाल्याकडच्या वावरात बोंडं बरी आहेत, वरच्या तुकड्यात गुलाबी अळी शिरली, अर्धा कापूस पिवळा आणि किडका निघतो. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सकाळी भाव ठरवून येतात आणि दुपारी बदलतात. तूर फुलावर आहे, धुई पडली नाही म्हणजे मिळवलं. आजीचे गुडघे तसेच. बाळूकाकानं गोठ्याची टिनं शेवटी बदलली.

गोवराच्या लसीबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुझ्या स्वराला १० तारखेला नऊ महिने पूर्ण झाले, एवढंच लिहितो आणि पुढे जातो.

पुढे जाता येत नाही, बेटा. लस का नको हे सांगताना तू फोनवर एका श्वासात दोन गोष्टी बोललीस. एक, व्हायरस म्हणून काही नसतंच, कुणी वेगळा काढून दाखवला नाही. दोन, रोग प्रारब्धानं येतो आणि नामानं जातो. पहिली गोष्ट तपासता येते, ती मी तुझ्याशी तपासायला बसेन. दुसरी तुझ्या माझ्या श्रद्धेची आहे आणि तिच्यावर मी हात उचलणार नाही. पण पहिली पडायला लागली की दुसरीच्या पदराआड जायचं, हे तुझं नव्हे. हे तुमच्या सत्संगातल्या कुणाचं तरी आहे.

सत्संगाला माझा विरोध नाही, हे तुला सांगायची पाळी यावी याचंच वाईट वाटतं. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आपल्या घरी कुणी चुकवत नाही. गुरुवारी आई एकवेळ जेवते. शेगावला जायचं म्हटलं की आजी गुडघे विसरते. गाडगेबाबांचं गावही याच वऱ्हाडातलं. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात नवसाच्या कोंबड्या-बकऱ्यांवरून लोकांना झोडपायचे. खराटा आणि नाम त्यांना एकमेकांच्या आड कधी आले नाहीत. आपल्या मुलखातल्या भक्तीची ही रीत आहे. विषाणू नाकारल्याशिवाय देव मोठा होत नाही, ही नवी रीत कुठून आली ते मला ठाऊक नाही.

म्हणजे अगदीच ठाऊक नाही असं नाही. २०२० साली देवळांना कुलपं लागली, त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी पायी वारी झाली नाही. लोकांच्या मनात तेव्हा जे साचलं, ते अजून निचरलेलं नाही. तुमच्या गटातलं बरंचसं त्या रागातून येतं, आणि तो राग अगदीच खोटा आहे असं मीही म्हणणार नाही. पण राग एका आजाराच्या वेळचा आणि वसुली नऊ महिन्यांच्या लेकराकडून, हा हिशेब मला पटत नाही. गोवर हा फार जुना आजार आहे. त्याचं आणि कोरोनाचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

आता तुझा मुद्दा घेतो. विषाणू कुणी पाहायच्या आधीपासून लोकांना गोवराबद्दल काय कळलं होतं, तिथून.

उत्तर अटलांटिक महासागरात फॅरो बेटं आहेत, डेन्मार्कच्या ताब्यातली. १८४६ साली तिथे गोवर शिरला. ७,७८२ लोकवस्ती, त्यातले सुमारे ६,००० आजारी पडले. पीटर पानुम नावाचा तरुण डॉक्टर गावोगाव फिरला आणि कोण कुणाला कोणत्या दिवशी भेटला, पुरळ कोणत्या दिवशी दिसलं, याची नोंद करत गेला. भेट आणि पुरळ यांत सगळीकडे १३-१४ दिवसांचं अंतर निघालं. त्याआधीचा गोवर त्या बेटांवर १७८१ साली आला होता. तेव्हा ज्यांना होऊन गेला होता असे म्हातारे ६५ वर्षांनीही जिवंत होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही पुन्हा झाला नाही. प्रारब्ध म्हणशील तर ते ठीक चौदाव्या दिवशी का उगवतं, आणि १७८१ ची आठवण कशी ठेवतं? हा प्रश्न मी चेष्टेनं विचारत नाही. विचार करून सांग.

मग १९११. अँडरसन आणि गोल्डबर्गर या दोघांनी गोवर झालेल्या माणसांचं रक्त आणि नाक-घशातला स्राव घेतला, जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि माकडांना दिला. माकडं आजारी पडली. म्हणजे जे काही होतं ते जिवाणूपेक्षा लहान होतं. पुढे १९५४ साली बोस्टनला जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी डेव्हिड एडमनस्टन नावाच्या १३ वर्षांच्या मुलाच्या रक्तातून तो पेशींमध्ये वाढवला. पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी झाल्या.

इथे तुमचे लोक एक गोष्ट काढतात, आणि ती खरी आहे म्हणून मीच आधी सांगतो. एंडर्सनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की काहीही न घातलेल्या माकडाच्या पेशींतही एकदा असाच बदल दिसला, आणि नुसत्या नजरेनं दोन्ही खात्रीनं वेगळे ओळखता आले नाहीत. "पाहा, पेशी आपोआपच मरतात", असं म्हणून तुमचा तो व्हिडिओ तिथेच थांबतो. निबंध तिथे थांबत नाही. त्यांनी गोवरातून उठलेल्या मुलांच्या रक्ताचा द्रव त्यात मिसळून पाहिला. आजारपणाच्या सुरुवातीला घेतलेल्या रक्तानं काही अडलं नाही. त्याच मुलाच्या, बरं झाल्यानंतरच्या रक्तानं पेशींचा नाश थांबला. पेशी नुसत्या उपासमारीनं मरत असत्या, तर त्यांना कुणाचा गोवर कधी बरा झाला याच्याशी काय मतलब? 'वेगळा काढणं' ते हेच. तूप कढवून बेरी बाजूला काढावी तसा विषाणू काढता येत नाही, कारण तो जिवंत पेशीशिवाय वाढतच नाही.

आज तर त्याची पूर्ण जनुकीय अक्षरमाळ वाचलेली आहे, १५,८९४ अक्षरांची. ताप आणि पुरळ असलेलं मूल सापडलं की रक्त आणि घशातला नमुना जातो. त्यावरून हा गोवर बाहेरचा की लसीतल्या वाणाचा, आणि बाहेरचा असेल तर कोणत्या घराण्यातला, हे कळतं. आणि आपल्या सरकारी लसीतला वाण कोणता, माहितीपत्रक वाच: एडमनस्टन-झाग्रेब. त्याच पोराचं नाव.

जर्मन कोर्टाची बातमी तू मला पाठवली होतीस. 'गोवराचा विषाणू नाही, कोर्टाचा निकाल'. ती अर्धीच आहे. श्टेफान लांका या जीवशास्त्रज्ञानं २०११ साली एक लाख युरोचं बक्षीस लावलं, गोवराचा विषाणू सिद्ध करणारा निबंध आणा म्हणून. डेव्हिड बार्डेन्स या तरुण डॉक्टरनं सहा निबंध पाठवले. २०१५ साली राव्हेन्सबुर्गच्या कोर्टानं सांगितलं, पैसे द्या. २०१६ साली श्टुटगार्टच्या वरच्या कोर्टानं ते फिरवलं, कारण जाहिरातीत एकच निबंध मागितला होता आणि बक्षिसाच्या अटी ठरवायचा हक्क जाहीर करणाऱ्याचा. कोर्टानंच नेमलेल्या तज्ज्ञानं सांगितलं होतं की ते सहा मिळून विषाणू सिद्ध करतात. भांडण अटीचं होतं. शेतीच्या केसेस पाहिलेल्या घरातली मुलगी तू, तांत्रिक मुद्द्यावर निकाल फिरणं म्हणजे काय हे तुला मी शिकवावं?

तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, तुमचं भाषण सुरू झालं. झालंच आहे. माफ कर. तू लहान मूल नाहीस, आणि स्वराची आई तू आहेस, मी नाही. चौदा आठवड्यांपर्यंतच्या सगळ्या लसी तूच न चुकता देऊन आणल्यास, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून. म्हणून तर आता काहून असा प्रश्न मला पडतो.

सातवीत असताना तू तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तक्ता घेऊन उभी होतीस. परीक्षकांनी विचारलं, दिसत नाही तर आहे कसं म्हणायचं? तू म्हणालीस, वाराही दिसत नाही, पण तूर कोणत्या बाजूनं पडली ते दिसतं. ते साहेब हसले आणि त्यांनी तुला पहिला नंबर दिला. तो तक्ता माळ्यावर अजून आहे, कडेनं उंदरांनी खाल्ला. मला तुझ्या प्रश्न विचारण्याचा अभिमानच आहे. आताही वाटतो, खरं सांगू का? इतक्या बायांमध्ये निबंधाचं साल विचारणारी तू एकटीच असशील. फक्त उत्तर अर्ध्यावर सोडू नकोस.

आणखी एक ऐकलं जावईबापूंकडून, की गोवर निघाला तर बरंच, अंगातली घाण बाहेर पडते आणि मूल बळकट होतं, असं तिथे सांगतात. हे उलटं आहे. गोवराचा विषाणू आधीच्या आजारांची आणि लसींची आठवण ठेवणाऱ्या पेशींतच शिरतो. २०१९ साली मुलांचं आजारापूर्वीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं, तेव्हा आधी कमावलेल्या, रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. म्हणून गोवरातून उठलेलं लेकरू पुढचे कित्येक महिने हगवण, न्यूमोनिया, कानफुटी यांत सापडत राहतं. गोवरानं जी मुलं जातात ती बहुधा पुरळानं जात नाहीत, या मागाहून आलेल्यांनी जातात. हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते.

खाणंपिणं चांगलं असलं की काही होत नाही, हे निम्मं बरोबर. पोषण सुधारलं आणि औषधं आली तसे श्रीमंत देशांत गोवराचे मृत्यू लसीच्या आधीच कमी झाले होते. पण लागण कमी झाली नव्हती. अमेरिकेत १९६३ साली लस येईपर्यंत जवळजवळ प्रत्येक पोराला गोवर व्हायचाच. स्वरा गुटगुटीत आहे, तुझ्या दुधावर आहे, म्हणून तिचा जीव वाचण्याची शक्यता जास्त आहे. लागण होण्याची शक्यता त्यानं कमी होत नाही. लस न झालेल्यांच्या घरात एक रोगी आला तर दहातल्या नऊ जणांना लागतो. रोगी खोलीतून गेला तरी हवेत दोन तासांपर्यंत राहतो. आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून माणूस तो पसरवत असतो, म्हणजे नुसती सर्दी आहे असं समजून त्याला मांडवात बसवलेलं असतं.

आणि तुमचं सत्संगाचं शिबिर १२ डिसेंबरला. तीन दिवस, एकच मंडप, गावोगावची लेकरं, आणि त्यातली बरीच अशाच घरांतली जिथे यंदा लस द्यायची नाही असं ठरलं आहे. मला रात्री झोप लागत नाही ती तुझ्या श्रद्धेमुळे नाही, त्या मंडपामुळे. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर फिरला तो अशाच दाट वस्तीत, लस राहून गेलेल्या लेकरांमध्ये.

लसीनं संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे २६ तारखेच्या बुधवारी दिली तरच १२ पर्यंत काही अर्थ. तीन तारखेचा बुधवार धरशील तर उशीर होईल. शिवाय नऊ महिन्यांना दिलेल्या डोसानं शंभरातल्या सुमारे ८५ मुलांमध्येच प्रतिकारशक्ती तयार होते, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं काहींच्या अंगात शिल्लक असतात आणि ती लसीतला विषाणूच मारून टाकतात. म्हणून तर दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. खरं म्हणजे लस दिली तरी तिला या वेळी मंडपात नेऊ नये असं मला वाटतं. तू जा. स्वराला आम्ही सांभाळू, आईनं खोली झाडूनसुद्धा ठेवली. हे मी तिच्या सांगण्यावरून लिहितो आहे असं समज.

आता लसीच्या वेळी काय पाहायचं ते सांगतो. तुझी भीती विषाणूच्या वादापेक्षा इथे जास्त असावी असा माझा अंदाज आहे. वन्संच्या पोराला पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीनंतर रात्रभर ताप आला आणि मांडी सुजली, ते तू पाहिलंस. ती लस वेगळी. तिच्यात डांग्या खोकल्याचे मारलेले जिवाणू असतात, त्यामुळे ताप त्याच दिवशी येतो. स्वराला द्यायची ती गोवर आणि रुबेला (जर्मन गोवर) यांची एकत्र लस, तिचा ताप त्या रात्री येत नाही. आलाच तर सातव्या ते बाराव्या दिवशी, एक-दोन दिवस, काहींना अंगावर फिकट पुरळही. ते पुरळ दुसऱ्याला लागत नाही.

नऊ महिन्यांना निदान तीन सुया असतात, हे आधीच ठाऊक असू दे, नाही तर तिथे घाबरशील. उजव्या दंडाला गोवर-रुबेला, अर्धा मिली, कातडीखाली. डाव्या दंडाला पोलिओची, ०.१ मिली, कातडीतच, बारीक फुगवटा येतो. उजव्या मांडीला न्यूमोनियाच्या लसीचा बूस्टर. वरून जीवनसत्त्व अ, एक मिली म्हणजे एक लाख युनिट, चमच्याच्या अर्ध्या खुणेपर्यंत. पूर्ण चमचा दोन मिलीचा असतो, तो दीड वर्षापासून पुढे. सिस्टर गडबडीत असली तर चमचा तू पाहा.

गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते, सोबतच्या पाण्यात कालवावी लागते. हे पाणी त्याच कंपनीचं, त्याच लसीसाठी आलेलं हवं, आणि लसीइतकंच थंड. बाहेर टेबलावर पडलेलं कोमट पाणी वापरलं तर लस मरते. कुपीच्या झाकणावर गोल आणि आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, सारखा किंवा गडद झाला असेल तर ती वापरायची नाही. एकदा कालवली की चार तास, त्यानंतर फेकायची, उरली असली तरी. या लसीत जंतू न वाढू देणारं द्रव्य नसतं, म्हणून. कुपीवर उघडल्याची वेळ लिहायची असते. ती विचार, सिस्टरला राग येणार नाही, चांगली सिस्टर खूशच होते.

हे नियम उगाच नाहीत. २०१७ साली दक्षिण सुदानमध्ये गोवराच्या लसीच्या मोहिमेत १५ लेकरं गेली. लस कालवायला एकच सिरिंज चार दिवस वापरली होती आणि लस थंड ठेवली नव्हती. तुमच्या गटात ही बातमी फिरते, मी ती तुझ्यापासून लपवणार नाही. पण ती मुलं कशानं गेली? दूषित लसीत वाढलेल्या जंतूंनी. म्हणजे न दिसणारा जीव माणूस मारतो, हेच त्या बातमीतही आहे. आपल्याकडे टोचायची सिरिंज एकदा वापरली की आपोआप अडकते, दुसऱ्यांदा ओढली जात नाही. तुझ्यासमोर पाकीट फोडायला सांग.

सर्दी असेल, थोडा खोकला असेल तरी लस देतात. जोराचा ताप असेल तर थांबायचं. नंतर अर्धा तास तिथेच बस. जागा चोळू नकोस. ताप आला तर पॅरासिटामॉल वजनावर, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. आणि इथे घोटाळा होतो तो नीट वाच: सिरप साधारण ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असतं, २५० चंही मिळतं, आणि थेंबाच्या बाटलीत एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. सिरपचा चमचा समजून थेंबाचं औषध पाच मिली पाजलं तर ५०० मिलिग्रॅम जातं. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय देऊ नकोस, जावईबापूंनाही दाखवून ठेव.

समज, तू नाहीच म्हणालीस. तरी हे वाच. १०१-१०२ ताप, नाक वाहतं, डोळे लाल, उजेड सहन होत नाही, अशा वेळी गालाच्या आतल्या बाजूला पाहा. लाल जागेवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके असले तर गोवरच. मग पुरळ कानामागून आणि कपाळावरून सुरू होऊन खाली उतरतं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लाव, खुशाल लाव. आजीच्या काळी मातेच्या घरात पाहुणा यायचा नाही, घरचं कुणी लग्नाकार्याला जायचं नाही, हे शहाणपणाचंच होतं. पुरळ निघाल्यापासून चार दिवस ते पाळायचंच आहे. पण फोडणी नको, खाऊ घालायचं नाही, दवाखाना नको, हे पाळायचं नाही. दूध बंद करायचं नाही. जीवनसत्त्व अ त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, तिच्या वयाला एकेक लाख युनिट, त्यानं डोळे वाचतात. श्वास मिनिटाला ५० किंवा वर गेला, छाती आत ओढली जात असली, पीत नसली, बुबुळ पांढुरकं दिसलं, तर रात्र असो की पहाट, निघायचं. मोजताना ती शांत असताना पूर्ण एक मिनिट मोज. रडताना मोजून उपयोग नाही.

आणि शिबिरात कुणाला गोवर निघाल्याचं कळलं, तर त्या संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस दिली तरी पुष्कळदा आजार टळतो. तेव्हा मानापमान धरू नकोस. मी "सांगितलं नव्हतं?" असं एका शब्दानं म्हणणार नाही. आईला साक्षीला ठेवतो.

प्रारब्धाचं राहिलंच. त्यावर मला एवढंच दिसतं की आपल्या गावच्या मरीआईला अजून नारळ फुटतो, आषाढात गाडा निघतो, आणि विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडरही पडते, हजार लिटरला पाच ग्रॅम. दोन्ही एकाच पंचायतीची माणसं करतात. देवीच्या रोगाचं तेच. १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी सापडला, १९८० साली जगातून तो गेल्याचं जाहीर झालं. घरोघर शोधून, रोग्याभोवतीच्या प्रत्येकाला टोचून तो घालवला. म्हणून शीतलेची पूजा कुणी बंद केली नाही. आजीला विचार, तिच्या दंडावर दोन खुणा आहेत आणि सप्तमीला ती थंडं जेवते.

पुन्हा भाषण. थांबतो. जावईबापूंना नमस्कार, विहीणबाईंच्या डोळ्याचं काय झालं ते कळव. स्वराला पापा.

तुझा
बाबा

ता. क. बाळूकाका २४ ला कापसाच्या पैशाच्या कामानं नागपूरला येतो आहे, गुरुवारपर्यंत तिकडेच आहे. त्याच्याबरोबर ज्वारी, आईनं केलेले सांडगे आणि स्वराचं लोकरी टोपडं पाठवतो. बुधवारी तो तुझ्याबरोबर केंद्रावर यायला तयार आहे, मी त्याला विचारलं म्हणून रागावू नकोस. कार्ड कपाटात वरच्या खणात ठेवतेस ना? त्यात शिक्का मारून घे आणि दुसऱ्या डोसाची तारीख तिथेच लिहून माग.